आपल्या पायाखालचा खडक : मामा तलाव, धान, मँगनीज आणि रेती यांची एकच गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा.

भंडारा-गोंदियाच्या राजकारणात कित्येक वर्षांपासून चार विषय फिरून फिरून येतात. मामा तलावांचा गाळ, धानाचं पाणी, मँगनीजच्या खाणी आणि वैनगंगेची रेती. निवडणूक कोणतीही असो, भाषणात यातले दोन तरी असतातच. चारही विषयांची खाती वेगळी, अधिकारी वेगळे, मोर्चे वेगळे आणि आम्हा पत्रकारांच्या बातम्याही वेगळ्या. पण जमिनीच्या खाली उतरून पाहिलं तर या चारही गोष्टींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे आपल्या पायाखालचा खडक. तो नीट समजून घेतला नाही म्हणून आपण चारही ठिकाणी चुकतोय, असं माझं मत आहे. ते का, हे सांगतो.

शाळेत आपण शिकलो की महाराष्ट्र म्हणजे काळ्या पत्थराचा देश. राकट देश, कणखर देश वगैरे. ते बहुतांश खरंच आहे. राज्याचा जवळपास ८० टक्के भाग बेसाल्ट नावाच्या काळ्या दगडाने व्यापलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले, त्यातून सह्याद्री झाला, वऱ्हाडातली काळी माती झाली, अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली तो दगड झाला. महाराष्ट्राचा भूगोल म्हणून जे काही शिकवतात ते बहुतेक याच दगडाचं.

पण हा काळा पत्थर नागपूरला येऊन संपतो. सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची. तिथून पूर्वेकडे निघालात, मौदा ओलांडून भंडाऱ्याकडे आलात, की दगड बदलतो. राखी, गुलाबी, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा, चकाकणाऱ्या अभ्रकाचा दगड दिसायला लागतो. विहीर खोदताना जो पिवळट-पांढरा, हातात भुरभुरणारा मुरूम निघतो ना, तो याच दगडाचा कुजलेला भाग. महाराष्ट्राच्या नकाशावर आपण पूर्वेच्या टोकाला आहोत म्हणून आपल्याला मागास म्हणतात, पण वयाच्या हिशेबात आपण सगळ्यांचे आजोबा आहोत. सह्याद्रीचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, तर आपल्याकडच्या जुन्या खडकांचं वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात जातं. दक्षिणेला बस्तरकडे साडेतीनशे कोटी वर्षांपर्यंतचे खडक सापडले आहेत, आणि आपली जमीन त्याच प्राचीन भूखंडाची उत्तरेकडची कड आहे.

हे खडक दोन प्रकारचे. एक आगीतून आलेले. म्हणजे वितळलेला रस जमिनीच्या पोटातच हळूहळू थंड झाला आणि ग्रॅनाइट झाला, किंवा वर येऊन ज्वालामुखीचा दगड झाला. दुसरे रूपांतरित. म्हणजे आधी काहीतरी वेगळंच होतं. समुद्रतळाची माती, वाळू, चुना, जुना ग्रॅनाइट. ते खोल गाडलं गेलं, प्रचंड दाब आणि उष्णता लागली आणि त्याचं रूपच बदललं. चिखलाचा शिस्ट झाला, वाळूचा क्वार्टझाइट झाला, चुन्याचा संगमरवर झाला. ग्रॅनाइटसारखा दगड दाबाखाली पट्ट्यापट्ट्यांचा झाला, त्याला भूशास्त्रात नाईस म्हणतात. मातीचं मडकं भट्टीत भाजल्यावर पुन्हा माती होत नाही, तसंच हे.

आता गंमत बघा. या खडकांच्या समूहांना भूशास्त्रज्ञांनी जी नावं दिली ती आपल्याच गावांची आहेत. आमगावच्या नावाने 'आमगाव नाईस', साकोलीच्या नावाने 'साकोली समूह', शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीच्या नावाने 'तिरोडी नाईस', पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौंसरच्या नावाने 'सौंसर समूह', आणि त्या सौंसर समूहाच्या एका थराला तुमसर तालुक्यातल्या सीतासावंगीचं नाव. जगात कुठेही मध्य भारताच्या भूगर्भावर शोधनिबंध लिहिला गेला तर त्यात आमगाव आणि साकोली येतंच. आपल्या पोरांना मात्र हे कोणी सांगत नाही.

आपल्या जिल्ह्यांच्या उत्तर अंगातून एक फार जुना सांधाही जातो. दक्षिणेचा बस्तरचा भूखंड आणि उत्तरेचा बुंदेलखंडचा भूखंड कधीकाळी वेगळे होते. ते एकमेकांवर येऊन आदळले, जोडले गेले, मधला समुद्रतळाचा गाळ चेपला गेला आणि त्याच्या घड्या पडल्या. तुमसर-रामटेकच्या टेकड्या म्हणजे त्याच घड्यांची झिजून उरलेली हाडं. हे सगळं हिमालयाच्या जन्माआधी कितीतरी कोटी वर्षं घडलेलं.

बरं, याचा धानाशी काय संबंध?

बेसाल्ट कुजला की काळी माती होते. ती चिकट असते, ओल धरून ठेवते, म्हणून वऱ्हाडात कापूस पिकतो. आपला ग्रॅनाइट-नाईस कुजला की वेगळीच माती होते. त्या दगडात गार असते, म्हणजे क्वार्ट्झ, आणि ती कुजत नाही. तिची रेती होते. बाकीच्या खनिजांची चिकणमाती होते. म्हणून आपली माती रेतीमिश्रित, पिवळट, हलकी. आपल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडे तिची नावं आहेत. मोरांड, सिहार, खरडी, बर्डी. यातली प्रत्येक माती म्हणजे खालच्या खडकाचा एकेक पत्ता आहे. सिहार जमीन पाणी स्वतःहून धरत नाही, ते तिच्यात कोंडून ठेवावं लागतं. म्हणून बांध घालून बांधी करायची, चिखल करायचा, पाणी अडवायचं आणि धान लावायचं. पाऊस आपल्याकडे जास्त आहे हे खरं, वर्षाला साधारण १,२०० ते १,४०० मिलिमीटर. पण नुसत्या पावसाने धान होत नाही. विदर्भात कापसाचा मुलूख कुठे संपतो आणि झाडीपट्टी कुठे सुरू होते, ही रेघ काळा पत्थर संपतो त्या रेघेच्या बरीच जवळून जाते. आपलं जेवण, आपली बोली, आपली दंडार, सगळं या रेघेच्या पूर्वेचं.

आता तलावांकडे येऊ. माझ्या मते ही या सगळ्या इतिहासातली सर्वात शहाणपणाची गोष्ट आहे.

आपला खडक पाणी साठवायला कंजूस आहे. बेसाल्टसुद्धा फार उदार नाही, पण तो थराथरांचा असतो. दोन थरांच्या मध्ये, जाळीदार भागात पाणी मिळतं. नाईस आणि ग्रॅनाइटमध्ये तसे थर नाहीत. पाणी राहतं ते फक्त दोन जागी. एक म्हणजे वरच्या कुजलेल्या मुरमात, जो बऱ्याच ठिकाणी १० ते २५ मीटरच जाड असतो. दुसरी जागा म्हणजे त्याखालच्या घट्ट दगडातल्या भेगा. भेग लागली तर पाणी, नाही लागली तर धूळ. म्हणून तुमच्या बोअरला पाणी आणि शेजारच्या बोअरला तीनशे फुटांपर्यंत भुकटी, असं होतं. त्यात पाणाड्याचा दोष नाही आणि नशिबाचाही नाही. दगडच तसा आहे.

वरचा मुरूम म्हणजे एक उथळ बशी समजा. पावसाळ्यात ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत ती गच्च भरते. मग कितीही पाऊस आला तरी वरून वाहून जातो. आणि मार्च-एप्रिल आला की बशी रिकामी. इतका पाऊस पडूनही उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर का लागतो, त्याचं हे एक मोठं उत्तर आहे.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना भूशास्त्र न शिकता कळली होती. जमिनीच्या पोटात पाणी ठेवता येत नाही ना, मग जमिनीवर ठेवू. चंद्रपूरच्या गोंड राजांच्या काळाबद्दल परंपरेने सांगितलं जातं की राजा हीरशहाने जाहीर केलं होतं, जो जंगल साफ करून गाव वसवेल त्याला जमिनीचा हक्क, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. सरकारी योजना असावी तर अशी! यात टेंडर नव्हतं, टक्केवारी नव्हती. तलाव फुटला तर नुकसान बांधणाऱ्याचंच, म्हणून तो मजबूतच बांधायचा.

ही कामं प्रामुख्याने कोहळी समाजाने केली. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे अशीच आहे. त्यांच्या हातात ना दुर्बीण होती ना नकाशा. पण उतार कुठे आहे, दोन टेकड्यांमधली खिंड कुठे अरुंद होते, पार कुठे घातली तर कमी मातीत जास्त पाणी अडेल, तळाशी चिकणमाती कुठे आहे, हे त्यांना डोळ्यांनी कळत होतं. मातीची पार, पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी काढायला सलांग. एका तलावाचं उतू गेलेलं पाणी खालच्या तलावात, तिथून त्याखालच्या बोडीत. अख्ख्या नाल्यावर तलावांची माळ.

नवेगाव बांध हे त्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याची नोंद आहे. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात आणि या बहिणींनीच बांधायला मदत केली अशी आख्यायिका आहे. मला ती आख्यायिका भूशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर वाटते. त्या कठीण टेकड्या नसत्या तर मातीच्या पारीने सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय अडवता आलाच नसता. खडकाच्या बहिणींनी खरंच मदत केली! कोलू पाटलाचा पुढे लोकांनी कोलासूर देव केला. धरण बांधणाऱ्या इंजिनिअरला देव केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

इंग्रजी अमदानीत गावाचा मालगुजार तलावाचा मालक असायचा. म्हणून मालगुजारी तलाव. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, 'माजी मालगुजारी' झाले आणि फाइलीत त्यांचा 'मामा तलाव' झाला. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत असे जवळपास सात हजार तलाव मोजले जातात. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं, जुलूम होताच. पण तलावाचा धनी गेला आणि नवा धनी आलाच नाही, हेही तितकंच खरं. पार दुरुस्त करायला दरवर्षी जे गाव एकत्र यायचं ते 'आता सरकार करेल' म्हणून थांबलं. सरकारने मोठ्या धरणांकडे पाहिलं. तलावात गाळ भरत गेला, काठाने अतिक्रमण आलं, बेशरम माजली आणि ढिवर बांधवांची मासेमारी गाळात रुतली.

आता तिसरी गोष्ट, मँगनीज.

मघाशी समुद्रतळाच्या गाळाबद्दल बोललो. त्या गाळात कुठे कुठे मँगनीजचे थर साचलेले होते. तो गाळ गाडला गेला, भाजला गेला, त्याच्या घड्या पडल्या आणि नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा असा मँगनीजचा पट्टा तयार झाला. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग ही आपली गावं या पट्ट्यावर आहेत.

नागपूरच्या भूगर्भाचा पहिला गंभीर अभ्यास केला तो स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने, १८५० च्या दशकात. होय, ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे तेच. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नदीच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. पुढे १८९६ साली मध्य प्रांतात खनिज शोधण्यासाठी 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' ही ब्रिटिश कंपनी उभी राहिली, आणि शतक पालटता पालटता रामटेकजवळच्या मनसरला मँगनीज निघायला लागलं. पोलाद करायला मँगनीज लागतंच, त्याला पर्याय नाही. त्या काळात रशिया हा जगाचा मोठा पुरवठादार होता. १९०५ मध्ये रशियात क्रांतीचा गोंधळ झाला, पुरवठा अडला, भाव भडकले आणि एकदम सगळ्यांच्या नजरा आपल्या टेकड्यांकडे वळल्या. दोन-तीन वर्षांत भारत मँगनीजच्या उत्पादनात जगाच्या पहिल्या रांगेत जाऊन बसला. म्हणजे पीटर्सबर्गमध्ये गोळीबार झाला आणि तुमसरच्या टेकडीवर सब्बल चालली. जागतिकीकरण आपल्याकडे १९९१ ला आलं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. खास या मालासाठी तुमसर रोडवरून तिरोडीकडे रेल्वेचा फाटा गेला.

याच काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले लुईस फर्मोर हे अधिकारी या टेकड्या पालथ्या घालत होते. १९०९ साली त्यांनी भारतातल्या मँगनीजवर हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. इथे त्यांना एक वेगळा खडक सापडला, मँगनीजयुक्त गार्नेट आणि गार यांचा. त्याला त्यांनी नाव दिलं 'गोंडाइट'. इथल्या गोंडांवरून. आजही जगभर भूशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आहे. ब्राझीलमध्ये किंवा आफ्रिकेत तसा खडक सापडला तरी त्याला गोंडाइटच म्हणतात.

ज्यांच्या नावाने हा खडक आहे त्यांना त्यातून काय मिळालं, हा प्रश्न मात्र मला पडतो. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला लाखो गोंड बांधव जमतात. त्यांच्या श्रद्धेनुसार गुहेत कोंडलेल्या लेकरांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी बाहेर काढलं आणि तिथून कोया वंशाचा विस्तार झाला. म्हणजे या समाजाच्या मुळाची कथाच दगड बाजूला सारण्याची आहे. आणि याच मुलखात खाणीतला दगड फोडायला मजूर म्हणून उभी राहिली तीही बरीचशी अशीच गरीब माणसं, बाया आणि बापे.

१९६२ साली भारत सरकारने या ब्रिटिश कंपनीच्या खाणी घेऊन 'मॉयल' स्थापन केली. तेव्हा ४९ टक्के हिस्सा जुन्या कंपनीकडेच होता, १९७७ मध्ये तोही सरकारने घेतला. २०१० मध्ये ती शेअर बाजारात आली. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्ये जातं. म्हणजे टॉर्चमधला सेल काढून पाहिलात तर कदाचित त्यात आपल्या तुमसर तालुक्याचा तुकडा असेल. याशिवाय भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट आहे. हीदेखील भाजलेल्या चिकणमातीचीच लेकरं, आणि भट्टीच्या विटांसाठी लागतात. आधीच पृथ्वीच्या भट्टीतून निघालेली, म्हणून माणसाच्या भट्टीला पुरून उरतात.

चौथी गोष्ट, रेती. इथे थोडं स्पष्ट बोलतो.

वैनगंगेची रेती नागपूरच्या बिल्डरला का हवी असते? कारण काळ्या पत्थराच्या मुलखात अशी रेती तयारच होत नाही. बेसाल्टमध्ये गारच जवळपास नसते. स्वच्छ, टणक, टोकदार, गारेची रेती द्यायला ग्रॅनाइट आणि नाईसच लागतो. सिवनीच्या डोंगरातून निघून बालाघाट, गोंदिया, भंडारा असा प्रवास करताना वैनगंगा हाच खडक दळत येते. आपल्या खडकाने कोट्यवधी वर्षं झिजून जे पीठ केलं, ते रात्री टिप्परमध्ये भरून चाललंय.

आणि ती नुसती रेती नाही. आपला खडक पाणी साठवत नाही हे वर सांगितलं. मग आपल्याकडे पाणी साठवणारी नैसर्गिक जागा उरते कुठे? नदीच्या रेतीत. ओल्या रेतीच्या ढिगात पाव ते तिसरा हिस्सा जागा पाण्याची असते. नदी वरून आटली तरी आतून वाहत असते, म्हणून झिरा केला की पाणी लागतं, म्हणून काठच्या गावांच्या नळयोजनांच्या विहिरी नदीतच असतात. रेतीचा घाट खरवडून खडकापर्यंत नेला की ती टाकीच गेली. पाच ब्रास रेती गेली म्हणजे पाच ब्रास दगड गेला असं समजू नका. उन्हाळ्यातलं पाणीही त्याच्याबरोबर गेलं.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान घाटालाही पर्यावरण मंजुरी लागेल. २०२३ मध्ये राज्याने रेती डेपो काढले, ६०० रुपये ब्रास जाहीर केले. पुढे तेही धोरण बदललं. धोरणं येतात-जातात. पण घाटात खडकावर किती मीटर रेती शिल्लक राहिली पाहिजे, हा साधा प्रश्न ग्रामसभेत कोणी विचारतो का? विचारला पाहिजे.

आता या चार गोष्टी एकत्र करा आणि आज काय चाललंय ते बघा.

तलाव गाळाने भरले, नदीची रेती गेली, म्हणून शेतकरी बोअरकडे वळला. उन्हाळी धानाला तर पाणी वाटेल तेवढं लागतं. १०० फूट, २०० फूट, ३०० फूट. पण खाली बशीच उथळ आहे, तर खोल जाऊन मिळणार काय? भेगांमधलं जुनं, थोडंसं पाणी. आणि ग्रॅनाइट-नाईसच्या काही खनिजांमध्ये फ्लोराइड असतं. पाणी जितका काळ दगडाच्या संगतीत राहील तितकं ते त्यात उतरण्याची शक्यता वाढते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नको, असं मानक आहे. पूर्व विदर्भातल्या काही गावांत ते त्याहून जास्त आढळलेलं आहे. लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग, मोठ्यांची हाडं आणि सांधे आखडणं, हे त्याचे परिणाम. तलाव असताना त्याखालच्या विहिरींना दरवर्षी पावसाचं ताजं पाणी मिळत होतं. ते आपण सोडलं आणि दगडातलं जुनं पाणी प्यायला लागलो.

राज्याच्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर-बोअर घ्यायला मनाई आहे. हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

दुसरी अडचण योजनांची. धुळ्याकडचा शिरपूर पॅटर्न गाजला, नाला खोल करा, पाणी जिरवा. तिथे तापीच्या गाळाचे जाड थर आहेत आणि बाकी काळा पत्थर आहे. तिथे तो चालला म्हणून आपल्याकडे जेसीबी लावून तसाच नाला खोल करायचा, हे चष्मा दुसऱ्याच्या नंबरचा घालण्यासारखं आहे. आपल्याकडे कुठे दोन मीटरवर टणक खडक लागतो, कुठे वीस मीटर मुरूम असतो. जागा पाहूनच काम झालं पाहिजे.

तलावातला गाळ काढण्याचंही तेच. गाळ काढायलाच हवा, तो शेतात टाकला तर सिहार जमिनीचं सोनं होतं. पण तळाची चिकणमाती खरवडून मुरूम उघडा पाडला, तर तलाव गळका होतो. वरून खोल दिसतो, फोटो चांगला येतो आणि डिसेंबरमध्ये पाणी नाहीसं होतं. कोहळ्यांनी तळ बघून जागा निवडली होती. आपण तळ न बघता मशीन उतरवतो.

म्हणून माझं सांगणं थोडक्यात असं.

एक. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे तालुक्या-तालुक्यांचे खडकांचे आणि विहिरींच्या पातळीचे अभ्यास आहेत. ते मराठीत, गावाच्या भिंतीवर आले पाहिजेत. आपल्या गावाखाली मुरूम किती मीटर आहे हे सरपंचाला पाठ असलं पाहिजे.

दोन. मामा तलावाची दुरुस्ती एकेकट्या तलावाची नको, नाल्यावरच्या माळेची हवी. वरचा तलाव दुरुस्त केला आणि खालची बोडी बुजवली तर काही उपयोग नाही.

तीन. २०१५ पासून खाणींच्या रॉयल्टीचा एक हिस्सा जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होतो. जुन्या पट्ट्यांच्या बाबतीत रॉयल्टीच्या ३० टक्क्यांइतका. तो खाणबाधित गावांसाठी आहे आणि पिण्याचं पाणी हा त्यातला अग्रक्रमाचा विषय आहे. त्या गावांच्या तलावांवर आणि फ्लोराइडमुक्त पाण्यावर यातले किती खर्च झाले, हे माहिती अधिकारात विचारा. दगड आपला, तर पैसाही दिसला पाहिजे.

चार. रेतीघाटाचा लिलाव होण्याआधी घाटात रेतीची जाडी किती, त्यातली किती उचलणार आणि किती ठेवणार, हे ग्रामसभेत वाचून दाखवलं पाहिजे. आणि नदीतल्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीजवळ कोणी पोकलेन लावला तर तो गावाच्या घागरीत हात आहे असं समजा.

विकास म्हणजे आपल्याकडे गोसीखुर्द, महामार्ग आणि एमआयडीसी असं समीकरण झालं आहे. त्याला माझा विरोध नाही. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ मधलं, तेव्हा शाळेत असलेली पोरं आज बाप झाली आणि अजून शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचायची वाट बघतायत. याच मुलखात काही पिढ्यांआधी लोकांनी कुदळ-पाटीने हजारो तलाव बांधले आणि त्यांचं पाणी त्यांच्याच हयातीत बांधीत आलं. ते आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हते. त्यांनी फक्त आधी खाली दगड कोणता आहे ते पाहिलं आणि मग काम काढलं.

तुमच्या गावाच्या तलावाचं नाव, तो कोणी बांधला याची आठवण आणि आज त्याची अवस्था काय, हे कॉमेंटमध्ये जरूर लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. मोरांड, सिहार, बर्डी याशिवाय मातीची आणखी नावं तुमच्याकडे असतील तर तीही सांगा. पटलं तर पोस्ट शेअर करा, आणि नाही पटलं तर का नाही ते लिहा.

#मामातलाव #वैनगंगा #झाडीपट्टी #भंडारा #गोंदिया